पाइपामागची शिट्टी

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, मंचावर बसलेले संचालकसाहेब आणि दुरून आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या बाई, केंद्रातले माझे जुने सोबती, नव्याने लागलेली मुलंमुली, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे चहाच्या टेबलाशी उभे असलेले सगळे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी चौघे बोलले, त्यांनाही पाचच दिली होती. तेव्हा मला कुणी घड्याळ दाखवू नये.

नव्या मुलांना मी ठाऊक नसेन. एकोणीस वर्षं मी या केंद्रात डॉल्फिनांसाठी मासळी कापली आणि त्यांचे हौद घासले. सगळे मला मावशी म्हणत. काम सोडून दहा वर्षं झाली. शिकले तिसरीपर्यंत. हे भाषण मीच लिहिलंय, नातीने फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहिलं. खरं तर बोलायला मला कागद लागत नाही, हे इथल्या जुन्या माणसांना चांगलं माहीत आहे. तरी लिहून का आणलं, ते शेवटी सांगते.

बाईंच्या विद्वत्तेबद्दल बरंच बोलून झालं. मी त्यात काय भर घालणार? पण मघाशी एक पाहुणे म्हणाले, डॉल्फिन सदा हसतमुख असतो, आपण त्याच्याकडून शिकावं. पाहुण्यांना दोष देत नाही. पण तो हसत नसतो. त्याच्या जबड्याची घडणच तशी. जाळ्याचा दोर गिळून मेलेला डॉल्फिन मी आपल्या चिरफाडीच्या टेबलावर पाहिलाय. तोही तसाच हसत होता. तोंडाकडे बघून कुणाचं काय चाललंय ते कळत नाही. कळून घ्यायचं तर ऐकावं लागतं. आणि ऐकणं हेच बाईंचं एकतीस वर्षांचं काम.

मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, ही बाई दिवसभर कानाला ते लावून बसते, हिला पगार कशाचा देतात? एकदा विचारलंच.

"बाई, गाणी ऐकता का?"

"नाही मावशी, गप्पा."

"कुणाच्या?"

त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. मला आधी नुसती टकटक ऐकू आली, कुणी घाईघाईने भांड्यावर चमचा आपटावा तशी. बाई म्हणाल्या, ते बोलणं नव्हे, ते बघणं आहे. गढूळ पाण्यात डोळ्याचा काय उपयोग? ते टकटक करतात, आवाज माशावर आपटून परत येतो, खालच्या जबड्यातून आत जातो आणि मासा कुठे आहे ते कळतं. मग एक शिट्टी आली. बाईंनी पडद्यावर तिची रेघ दाखवली. शिट्टी चढली की रेघ चढते, उतरली की उतरते.

"ही एकीची शिट्टी. हेच तिचं नाव."

"कुणी ठेवलं?"

"तिनेच. पिल्लू असताना आसपास जे कानावर पडतं त्यातून ते स्वतःची शिट्टी बनवतं. मग जन्मभर तीच. वीस वर्षांनी भेटले तरी ओळखतात."

"आणि दुसऱ्याला तिला हाक मारायची असली तर?"

"तर तो तिची शिट्टी काढतो."

म्हणजे आपल्यासारखंच. फरक एवढाच की आपल्या नावात दुसऱ्याची हौस असते. बाईंनी मला आणखीही सांगितलं. आई माशाच्या मागे गेली की मावश्या पिल्लू सांभाळतात. दोन नर जोडी जमवतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांना सोडत नाहीत. झोपताना अर्धंच डोकं झोपतं, एक डोळा उघडा राहतो, कारण श्वासाला वर यायचं चुकलं तर सगळं संपलं. मी म्हटलं, यात नवीन काय? तान्हं पोर घरात असलेली कुठली बाई दोन्ही डोळे मिटून झोपते? बाई हसल्या, आणि त्यांच्या वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं. माझं बोलणं लिहून घेणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते.

तेरा वर्षांपूर्वी ओहोटीला खाडीच्या चिखलात एक पिल्लू सापडलं. आई जाळ्यात गुंतून मेली होती, हे तिला चिकटून पडलं होतं. बाईंनी आईला ओळखलं. तिच्या पाठीवरच्या पराला दोन खाचा होत्या. बारा वर्षं तिची शिट्टी बाईंच्या मशीनवर होती, तीन उंचवटे आणि मग लांब उतार. बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या, त्या खाचांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "मावशी, ओली चादर आणा." बस्स. रडल्याबिडल्या नाहीत. तेव्हा मला ही बाई पुरती पटली.

पिल्लाला हौदात आणलं. आपला नियम असा की जनावराला नाव द्यायचं नाही. कागदावर ते सात नंबर. मी त्याला पाहुणा म्हणायचे, कारण तो राहायला आलेला नव्हता. मंचावरच्या पाहुण्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

दुसरा नियम त्याहून कडक. जनावराने माणूस आणि खाणं यांची सांगड घालायची नाही. हाताने भरवायचं नाही, काठावर उभं राहायचं नाही, आवाज द्यायचा नाही. हौदाच्या भिंतीतून एक जाड पाइप पाण्यात उतरायचा. भिंतीमागे मी. मी मासा सोडला की तो तिकडे पाण्यात पडणार, कुठून आला ते त्याला कळणार नाही. का? तर उद्या समुद्रात जाऊन तो खाण्याच्या आशेने बोटीमागे लागला, तर पंख्यात सापडेल. पंखा काय करतो तेही मी टेबलावर पाहिलं होतं. तेव्हा नियम मला कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. मला पूर्ण कळत होता.

सुरुवातीला नळीने पातळ मासळी पोटात घातली. मग दात आले, तेव्हा त्याने स्वतः खायला हवं होतं. पाच दिवस त्याने माशाला तोंड लावलं नाही. तारल्या पाण्यात तशाच तरंगायच्या, मी जाळीने काढून टाकायचे. तो नुसता गोल फिरायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात खाल्लं नाही तर आशा सोडा.

बाई हेडफोन लावून काठापासून दूर बसल्या होत्या.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"आईची शिट्टी काढायला बघतोय. दोन उंचवटे जमतात. तिसरा जमत नाही."

"तुमच्या मशीनमध्ये आहे ना तिची? लावा की."

"नाही."

"का नाही?"

"जी येणार नाही तिची हाक ऐकवायची नाही, मावशी. तो शोधत राहील."

"मग उपाशी मरू दे."

बाईंना उत्तर सापडलं नाही की त्या चष्मा पुसायच्या. त्यांनी चष्मा पुसला.

माझा नवरा बंदराच्या फाटकावर पहारेकरी होता. त्याची पोलादी शिट्टी मी चाव्यांच्या जुडग्यात ठेवली होती. आतली गोळी कधीच हरवली होती, त्यामुळे आवाज थरथरायचा नाही, सरळ निघायचा. सहाव्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी पाइपाला तोंड लावून ती फुंकली आणि मासा सोडला. मला दमा आहे. माझी शिट्टी सरळ जाते, मध्येच श्वास तुटतो आणि शेवटी एक तोकडी फुंक निघते. पुन्हा फुंकली, पुन्हा मासा. तिसऱ्या वेळी पलीकडे पाणी हललं. मी भिंतीच्या फटीतून पाहिलं. मासा नव्हता.

हे आज पहिल्यांदा सांगते आहे. सभागृहात कुजबुज सुरू झाली, ती मला ऐकू येते. कान अजून ठीक आहेत.

पाहुणा खाऊ लागला. वजन वाढू लागलं. सगळ्यांना वाटलं, पाइपाची युक्ती लागू पडली. कुणीतरी चहाबरोबर बिस्किटं वाटली, मीही दोन खाल्ली. आणि रोज शिट्टी वाजवत राहिले. पहिल्या दिवशी वाजवली ती त्याच्यासाठी. पुढचे चार महिने वाजवली ती मला आवडायला लागलं म्हणून. भिंतीपलीकडे कुणीतरी आपली वाट बघतंय, हे कुणाला आवडत नाही? पण त्याला दया म्हणत नाहीत. चूक ती तिथे झाली.

हौदातला माइक सगळं टिपत होता, पण ते ऐकायला माणूस नव्हतं, बाई समुद्रावर असायच्या. चार महिन्यांनी त्यांनी मला पडद्यापाशी बोलावलं.

"मावशी, तुमच्या पाहुण्याने नाव ठेवलं स्वतःचं."

पडद्यावर रेघ होती. पट्टीने ओढल्यासारखी सरळ, मग फट, मग एक तुकडा.

"अशी शिट्टी मी इतक्या वर्षांत ऐकली नाही," बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "छान आहे," आणि सुऱ्या धुवायला गेले.

त्याच्या आईची शिट्टी त्याला जमली नाही. जवळ जी वाजत होती ती त्याने घेतली. माझ्या दम्यासकट घेतली.

मग पाहुण्याला समुद्रात सोडायचं की नाही ते ठरवणारी समिती आली. तिघे होते. त्यांतले एक साहेब म्हणाले, "ही माणसाची शिट्टी आहे. याला समुद्रात कसं सोडणार? बंदरात कुणीही शिट्टी फुंकली की हा खाणं समजून बोटीखाली जाईल. खेळाच्या तलावात द्या, तिथे शिट्टीवरच काम असतं." मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. खेळाचा तलाव म्हणजे काय ते मला माहीत होतं. कडीतून उडी, एक मासा. कडीतून उडी, एक मासा. मरेपर्यंत.

"शिट्टी वाजवली कुणी?" साहेबांनी विचारलं.

खोलीत आम्ही नऊ जण होतो. मी साहेबांपुढे चहाचा कप ठेवला. आणि बाई उठून म्हणाल्या, "ती माझ्या देखरेखीखाली वाजली. जबाबदारी माझी. लिहून घ्या. पण मला तीन महिने द्या."

त्यांनी लिहून घेतलं. बाईंनी सही केली.

ते तीन महिने ज्यांनी पाहिले ते चार-पाच जण इथे बसलेत. हौदाच्या अंगणात बोलायचं नाही. चपला दाराबाहेर. बादल्यांच्या बुडाला गोणपाट. शिंक आली तर पळत बाहेर जायचं. माझ्यासारख्या बाईला तीन महिने गप्प बसवणं हे इथल्या पुष्कळांना जमलं नव्हतं, ते एका पिल्लाने करून दाखवलं. पाइप बंद केला. जिवंत मासे कधी या कोपऱ्यातून, कधी त्या, वेळ ठरलेली नाही. त्याने टकटक करून शोधायचे. आणि बाई हौदात त्याच्या आईच्या कळपाच्या शिट्ट्या लावायच्या. आईची नाही. ज्या हयात होत्या, ज्या त्याला पुढे भेटणार होत्या, त्यांच्याच.

परीक्षेच्या दिवशी समिती पुन्हा आली. काठावरून शिट्टी फुंकायची. तो आला, तर खेळाचा तलाव. नाही आला, तर समुद्र. साहेबांनी नवी कोरी शिट्टी आणली होती. बाई म्हणाल्या, "ही नको. आवाज तोच हवा. मावशी, तुमच्या चाव्यांना एक जुनी आहे ना, ती वाजवा."

साहेब म्हणाले, "यांचीच का?"

"तिच्यात गोळी नाही. आवाज सरळ येतो."

गोळी नाही हे मी कुणाला सांगितलं होतं? कुणालाच नाही. तेव्हा मला कळलं की बाईंना कळलेलं आहे, आणि आजचं नव्हे.

मी काठावर उभी राहिले. खोटं कशाला सांगू, मनात आलं की अर्धीच फुंकावी. माझा दमा सगळ्यांना ठाऊक, कोण काय म्हणणार? पाहुणा सुटेल. बाई माझ्या शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पूर्ण फुंका, मावशी. बाहेर कुणी अर्धी फुंकणार नाही."

मी पूर्ण फुंकली. सरळ, तुटली, तोकडी.

तो पलीकडच्या कोपऱ्यात होता. वळला. आमच्या दिशेने निघाला. हौदाच्या मध्यापर्यंत आला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी ती शिट्टी मुठीत इतकी दाबली की तिची कड हाताला लागून रक्त आलं. मध्यावर तो थांबला. डोकं एकदा खाली घातलं. एक जिवंत मासा बाजूने गेला, तो त्याच्यामागे गेला आणि परत आला नाही. साहेबांनी थोडं थांबून सांगितलं, दुसऱ्यांदा फुंका. फुंकली. तो वळलाही नाही.

बाईंनी कानावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला आणि पहिल्या वेळचं परत ऐकवलं. मध्यावर थांबला तेव्हा त्याने शिट्टी काढली होती. माझीच, दम्यासकट.

"कुणी हाक मारली तर आपण 'हो, इथे आहे' म्हणतो ना?" बाई म्हणाल्या. "तेवढंच म्हणाला तो. खायला मागितलं नाही."

पुढे तीन आठवडे खाडीच्या तोंडाशी जाळीच्या कुंपणात ठेवला. चौथ्याच दिवशी कळप कुंपणाबाहेर येऊन थांबू लागला. एके दिवशी दुपारी जाळी खाली केली. तो गेला. मागे वळून पाहिलं नाही. बरं केलं.

पाहुणा सुटला. बाई सुटल्या नाहीत. त्या अहवालात त्यांच्या नावापुढे हलगर्जीपणा असा शब्द आहे. त्यानंतर बचावाचे हौद त्यांच्याकडून काढून घेतले. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा तो कागद पुढे आला. संचालकसाहेब, तुम्ही त्या खुर्चीत बसून चांगलं काम केलंत, तुमच्याशी माझं भांडण नाही. पण ती खुर्ची कुणामुळे चुकली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. ते मी सांगते आहे. माझ्यामुळे.

तेव्हा का बोलले नाही? भीती, दुसरं काही नाही. घरात नात चार वर्षांची, तिची आई आमच्यातून गेलेली, आणि कमावणारी मी एकटी. हे कारण आहे. ती सबब म्हणून धरू नका. काम सोडल्यावर दहा वर्षं घरी बसले, तेव्हा कशाची भीती होती? तेव्हा नुसती सवय झाली होती.

गेल्या महिन्यात बाई माझ्या घरी आल्या. स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून ते यंत्र काढून माझ्या कानाला लावलं. समुद्राचा आवाज, टकटक, आणि मग शिट्टी. सरळ, तुटलेली, तोकडी.

मी म्हटलं, "आहे म्हणायचा अजून."

"थांबा, पुढे ऐका."

पुन्हा तीच शिट्टी आली, पण लांबून आणि जराशी जाड.

"ही दुसरी शिट्टी तुमच्या पाहुण्याची," बाई म्हणाल्या. "पहिली शिट्टी त्याची नव्हती. त्याच्या जोडीदाराची होती. तो याला हाक मारत होता."

मी यंत्र त्यांच्या हातात दिलं. बाईंनी यंत्र बंद केलं. मग मी विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं कधी?"

"रेघ दिसली त्याच दिवशी. तुम्ही रागाने बोलायला लागलात की असाच मध्ये श्वास तुटतो."

"मग समितीपुढे बोलला का नाहीत?"

"तुम्ही वाजवली नसती तर तो सातव्या दिवशी गेला असता. काहीतरी करायला हवं होतं आणि मला सुचलं नाही. म्हणून चूक माझी."

बाई, तेव्हा तुम्ही माझ्या घरी पाहुण्या होता, म्हणून मी वाद घातला नाही. आज घालते. पहिल्या दिवसाचं तुमचं म्हणणं कदाचित खरं असेल. पुढच्या चार महिन्यांचं नाही. ते तुमच्या नावावर कशाला? समुद्रातल्या प्राण्याला त्याच्याच शिट्टीने ओळखतात, दुसऱ्याची कुणी त्याच्यावर लादत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत. मग माणसांनी असं का करावं?

तेव्हा हे लिहून का आणलं, ते आता सांगते. खाली माझी सही आहे, तारीख आहे, आणि नातीने साक्षीदार म्हणून सही केली आहे. संचालकसाहेब, हा कागद मी तुमच्या हातात देते. त्या जुन्या अहवालाला तो लावा. बाई आज संध्याकाळी या दारातून बाहेर पडतील, तेव्हा हलगर्जीपणा हा शब्द त्यांच्या नावापुढून उठलेला असावा आणि माझ्या नावापुढे बसलेला असावा. मला आता कुणी कामावरून काढू शकत नाही, ही म्हातारपणाची एक सोय आहे.

अध्यक्ष महाशयांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. आयोजकांनी मला बोलवायची आठवण ठेवली, त्यांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी पाचाची पंधरा मिनिटं सोसलीत, तुमचेही. बाईंचे आभार मानत नाही. ते एवढ्याशा कागदात मावणार नाहीत, आणि मानले तर त्या चष्मा पुसत बसतील.

बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, मान राखण्यात कमीजास्त झालं असेल, तर म्हातारी म्हणून पोटात घाला. शिट्टीची चूक मात्र पोटात घालू नका. ती फाइलमध्ये घाला.